पान सारखं, झाड वेगळं: हिरडा, ऐन, अर्जुनाच्या ओळखीत चूक झाली तर किंमत कोण मोजतं?

कोयनानगरच्या रस्त्याला एका झाडाखाली थांबून मी एक साधा प्रयोग केला. एकाच झाडाच्या तीन फांद्यांवरची तीन पानं घेतली, फोटो काढले आणि झाड ओळखणाऱ्या मोबाइल अ‍ॅपला दाखवले. उत्तरं तीन आली. पहिल्या पानाला अ‍ॅप म्हणालं ऐन, दुसऱ्याला अर्जुन, तिसऱ्याला चक्क पेरू. झाड ऐनाचं होतं. हे मला अ‍ॅपने नाही, तिथून गुरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी सांगितलं. त्यांनी पानाकडे नीट पाहिलंही नाही. "पान काय बघतायसा, साल बघा की," एवढं बोलून ते पुढे गेले.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट आहे, असं वाटू शकतं. पण याच कुटुंबातल्या झाडांची फळं आणि साली वाळवून, कुटून, डब्यात भरून आपल्या घरात येतात. त्रिफळा चूर्ण, अर्जुनाची साल, हिरड्याची गोळी. कुटल्यावर ना पान राहतं, ना सालीचे तडे. तेव्हा ओळखायचं कसं? आणि चुकलं तर नुकसान कोणाचं? माझं मत आधीच सांगतो: आज नुकसान दोघांचं होतं. चूर्ण विकत घेणाऱ्याचं, आणि पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात हिरडा वेचणाऱ्याचं. हे टाळण्याचं तंत्र आपल्याकडे आहे. ते योग्य जागी वापरलं जात नाही.

पाच भावंडं कोणती?

हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन आणि किंजळ. सह्याद्रीत फिरणाऱ्याला ही नावं नवी नाहीत. वनस्पतिशास्त्रात ही पाचही झाडं 'टर्मिनॅलिया' या एकाच वंशातली आहेत. लिनिअसने १७६७ मध्ये हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'टर्मिनस' म्हणजे टोक. या वंशातल्या अनेक झाडांची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, म्हणून हे नाव. बेहड्याकडे पाहिलं की ते लगेच पटतं.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या कुटुंबासाठी जणू तयार प्रयोगशाळा आहेत. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे तो साधारण पाचशे मिलिमीटरवर येतो. म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरच्या अंतरात पाऊस दहापट कमी होतो. माती जांभ्यापासून काळ्या जमिनीपर्यंत आणि तिथून मुरमापर्यंत बदलते. महाबळेश्वर-कोयनेच्या माथ्यावर हिरडा, उतारावर ऐन, किंजळ आणि बेहडा, तर नदी-ओढ्याच्या काठाला अर्जुन, अशी ढोबळ विभागणी दिसते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यातही कोयना आणि चांदोली आहेत. वाघाची बातमी होते. त्याच जंगलातल्या या झाडांची होत नाही.

पानं फसवतात ती का?

शाळेत आपण शिकलो की प्रत्येक झाडाचं पान वेगळं असतं. हे अर्धंच खरं आहे. एकाच झाडावर उन्हातलं पान लहान आणि जाड असतं, सावलीतलं मोठं आणि पातळ. झाड तोडल्यावर बुंध्यातून जे धुमारे फुटतात त्यांची पानं तर नेहमीच्या पानापेक्षा बरीच मोठी येऊ शकतात. कोवळ्या हिरड्याच्या पानावर तांबूस, रेशमासारखी लव असते. तेच पान जून झालं की गुळगुळीत होतं. म्हणजे पान कोणत्या फांदीवरचं, कोणत्या महिन्यातलं आणि किती वयाचं, हे माहीत नसेल तर आकार फारसा कामाचा नाही.

हे आकड्यांत समजून घेऊ. समजा तुम्ही ऐनाची शंभर आणि अर्जुनाची शंभर पानं मोजली आणि प्रत्येकाची लांबी रुंदीने भागली. दोन्ही झाडांची सरासरी वेगळी येईल. पण दोन्हींचे आलेख एकमेकांवर चढलेले असतील. मधल्या भागातलं एखादं सुटं पान ऐनाचं की अर्जुनाचं, हे त्या एका आकड्यावरून सांगताच येत नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत इथे सिग्नल आहे, पण नॉइजही तेवढाच आहे. अ‍ॅपचं तेच होतं. त्याला दिलेला एक फोटो म्हणजे एक पान. झाड म्हणजे हजारो पानं.

मग जाणकार कसं ओळखतात? ते पानाच्या आकारापेक्षा बारीक खुणा पाहतात. हिरड्याच्या देठाच्या वरच्या टोकाला, पान सुरू होतं तिथे, दोन छोट्या गाठी असतात. या ग्रंथी आहेत. ऐनाच्या पानाच्या पाठीमागे, मधल्या शिरेवर बुडाजवळ अशा ग्रंथी ठळक दिसतात. बेहड्याची पानं रुंद, लांब देठाची आणि फांदीच्या टोकाला गोळा झालेली. त्यानंतर फळ. हिरड्याचं फळ वाळल्यावर त्यावर पाच कडा उठतात. बेहड्याचं फळ गोलसर, करड्या मखमली लवेचं. ऐन आणि अर्जुन दोघांच्या फळांना पाच पंख, पण ऐनाचे रुंद, अर्जुनाचे त्यामानाने अरुंद. किंजळाच्या छोट्या फळाला एक पंख मोठा, दोन लहान. पावसाळा संपला की किंजळाचं झाड फळांनी तांबूस-गंजकट दिसतं, ते दुरून ओळखू येतं.

आणि साल. ऐनाची साल काळपट, खोल चौकोनी तड्यांची, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढरट-हिरवट, पापुद्रे सुटणारी. आजोबांनी नेमकं हेच पाहिलं होतं.

शास्त्रज्ञही चकले

यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. ऐनाच्या बाबतीत वनस्पतिशास्त्रज्ञांचाही गोंधळ झाला आहे. पानाला लव जास्त की कमी, कडा कशा, पंख कसे, यावरून एकाच झाडाला टोमेंटोसा, क्रेन्युलाटा, अलाटा, कोरिएशिया अशी वेगवेगळी नावं मिळाली. जुन्या पुस्तकात एक नाव, वन विभागाच्या कागदावर दुसरं, औषधाच्या लेखात तिसरं. आज बहुतेक ठिकाणी 'टर्मिनॅलिया इलिप्टिका' हे नाव वापरतात आणि बाकीची नावं बहुतांशी त्यात सामावली जातात.

लोकभाषेतला गोंधळ आणखी मजेशीर आहे. हिंदी पट्ट्यात 'आसन' म्हणजे आपला ऐन. आयुर्वेदात 'असन' म्हणजे बिबळा. आणि मराठीत 'असाणा' म्हटलं की तिसरंच झाड, ज्याच्या कोवळ्या खोडावर काटे असतात. काही भागांत ऐनाला 'सादडा' म्हणतात आणि अर्जुनाला 'अर्जुनसादडा'. तोंडी दिलेल्या ऑर्डरमध्ये पहिला शब्द गळला की झाडच बदलतं.

आपल्या भागातल्या वनस्पतींची मोठी नोंद करणारे थिओडोर कुक हे मुळात इंजिनिअर होते. रेल्वेत काम केलेले, वसईचा पूल बांधणारे, नंतर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान प्रसिद्ध झाला. मोजमापाची सवय असलेल्या माणसाने झाडं पाहिली तर काय होतं, याचं ते उदाहरण आहे. इंजिनिअर होऊन बातमीदारीत आलेल्या माझ्यासारख्याला त्यामुळे जरा धीर येतो.

जगात इतरत्र काय होतं?

हा प्रश्न फक्त सह्याद्रीचा नाही. युरोपात आल्डर नावाची झाडं आहेत. आपल्याकडे त्यांचा भाऊबंद हिमालयात सापडतो, नेपाळीत त्याला उतिस म्हणतात. नागालँडमधल्या खोनोमा गावाची आल्डरवर आधारित शेती प्रसिद्ध आहे, कारण या झाडाच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. युरोपातल्या काळ्या आल्डरच्या पानाचं टोक आत खचलेलं असतं, करड्या आल्डरचं टोकदार. पण ही दोन झाडं जिथे शेजारी वाढतात तिथे त्यांचा संकर होतो आणि मधल्या आकाराची पानं दिसू लागतात. म्हणून तिथे अभ्यासक पानाच्या मोजमापाला सालीतल्या आणि पानातल्या रसायनांची जोड देतात. एक साक्षीदार डळमळला तर दुसरा उभा करायचा, अशी ती पद्धत.

टर्मिनॅलियाच्या बाबतीतही ऐन आणि अर्जुन यांचा संकर हा अभ्यासाचा विषय राहिला आहे, आणि कारण आहे रेशीम. विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे टसर रेशमाचे किडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानावर वाढतात. आपल्याला पानं सारखी वाटतात, पण त्या अळीला वाटत नाहीत. पानात पाणी किती, प्रथिनं किती, टॅनिन किती, यावर तिची वाढ आणि कोष ठरतो. पानाची रासायनिक परीक्षा घेणारी ती सर्वांत जुनी प्रयोगशाळा म्हणायला हवी.

रसायन काय सांगतं?

हिरडा चाखला की जीभ आखडते. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. हिरड्याच्या फळात टॅनिनचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असू शकतं. त्यात चेब्युलिनिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल, गॅलिक आम्ल, इलॅजिक आम्ल असे घटक येतात. अर्जुनाच्या सालीची ओळख वेगळी. तिच्यात अर्जुनिक आम्ल, अर्जुनोलिक आम्ल असे त्या झाडाच्या नावानेच ओळखले जाणारे घटक असतात.

घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. चिमूटभर हिरडा चूर्ण कोमट पाण्यात घाला आणि त्यात एक गंजलेला खिळा टाकून ठेवा. काही वेळाने पाणी काळपट-निळं होतं. टॅनिन आणि लोह एकत्र आल्याचा हा परिणाम. जुन्या पोथ्यांची शाई हिरडा आणि हिराकस वापरून करायचे, ती याच तत्त्वावर. कलमकारीचं कापडही रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हे पाणी पिऊ नका, फेकून द्या.

आता हाच प्रयोग बेहड्यावर करा. तिथेही पाणी काळं होईल. चहावर करा, तरी होईल. म्हणजे ही चाचणी 'टॅनिन आहे' एवढंच सांगते, 'हिरडा आहे' असं सांगत नाही. बाजारात 'पाणी काळं झालं म्हणजे माल अस्सल' असं कुणी दाखवत असेल तर तो पुरावा अपुरा आहे.

अस्सल ओळखीसाठी प्रयोगशाळेत रासायनिक ठसा घेतात. एक पट्टी असते, तिच्यावर सिलिकाचा पातळ थर. खालच्या बाजूला नमुन्याच्या अर्काची बारीक रेघ ओढतात आणि पट्टी द्रावकात उभी करतात. द्रावक वर चढताना नमुन्यातले घटक सोबत नेतो, पण सगळे सारख्या वेगाने जात नाहीत. कुणी खाली थांबतं, कुणी वर पोहोचतं. शेवटी पट्टीवर आडव्या पट्ट्यांची एक मालिका उमटते, अगदी बारकोडसारखी. हिरड्याचा बारकोड वेगळा, बेहड्याचा वेगळा. ऐन आणि अर्जुनाची साल कुटून एकत्र केली तरी दोन बारकोड एकमेकांत मिसळलेले दिसतात.

मग डीएनए तपासला की झालं?

हा प्रश्न हमखास येतो. डीएनएने प्रजाती ओळखता येते, पण त्याला दोन मर्यादा आहेत. एक, वाळवलेल्या, उकळलेल्या, अर्क काढलेल्या मालात डीएनए तुटलेला असतो. आणि इतक्या जवळच्या नातेवाइकांत डीएनएचा प्रत्येक तुकडा फरक दाखवेलच असं नाही. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: डीएनए 'कोण' ते सांगतो, 'किती' ते सांगत नाही. झाड शंभर टक्के हिरड्याचं असलं तरी फळ कधी तोडलं, कसं वाळवलं, बुरशी आली का, यावर आतला माल ठरतो.

आपल्या व्यापाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. म्हणूनच एकाच झाडाच्या फळाला तीन नावं आहेत. आठळी धरायच्या आधीचा तो बाळहिरडा. थोडा वाढलेला तो चांभारी हिरडा, कातडी कमावण्यासाठी वापरला जाणारा. पूर्ण पिकलेला तो सुरवारी हिरडा. प्रजाती एक, भाव तीन. रसायनशास्त्राचा अभ्यास न केलेल्या लोकांनी केलेली ही रासायनिक प्रतवारीच आहे.

थोडक्यात, तीन साक्षीदार आहेत. पान, फळ आणि साल सांगतात की जंगलात समोर कोणतं झाड उभं आहे. डीएनए सांगतो की पाकिटात कोण आहे. रसायन सांगतं की त्यात काम करणारं काही आहे का आणि किती. तिघांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. आपण बहुतेक वेळा एकालाच तिन्ही प्रश्न विचारतो आणि तिथेच फसतो.

नियम काय म्हणतात?

भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात हिरडा, बेहडा आणि अर्जुन तिघांचीही मानकं आहेत. त्यातली एक तुलना बोलकी आहे. हिरड्याचं चूर्ण जाळल्यावर उरणारी राख ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. अर्जुनाच्या सालीला मात्र २५ टक्क्यांपर्यंत राख चालते. पाचपट फरक का? कारण अर्जुनाच्या सालीत कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक खूप असतात. जी राख हिरड्यात सापडली तर माती-खडीची भेसळ समजायची, तीच अर्जुनात नैसर्गिक असू शकते. भावंडं म्हणून दोघांना एकच मोजपट्टी लावता येत नाही.

अडचण मानकांची नाही. अडचण ही की ही तपासणी साखळीच्या शेवटी, कारखान्याच्या दारात होते. तोपर्यंत दहा गावांचा माल एका पोत्यात आलेला असतो. नमुना नापास झाला तर तो कुठल्या डोंगरातून आला हे सांगता येत नाही. पास झाला तरी चांगला माल कुणाचा होता हे कळत नाही. अर्जुनाच्या सालीत जवळच्या झाडांच्या साली मिसळल्या जातात, हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. त्यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. वर सांगितलेला 'सादडा'सारखा नावाचा घोळही पुरेसा असतो. पण हृदयासाठी म्हणून अर्जुन घेणाऱ्या माणसाला कारण काय होतं याने फरक पडत नाही. अशी साल डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये, हे वेगळं सांगायला नको.

किंमत मोजतो कोण?

आता मुद्द्याचा भाग. सातारा-सांगलीतल्या शेतकऱ्याला गुणवत्तेवर भाव ही कल्पना नवी नाही. डेअरीत दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ लागतो, त्यावर दर. उसाचा दर साखर उताऱ्याशी बांधलेला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हळदीच्या चर्चेत कुरकुमिन हा शब्द आता बांधावरही ऐकू येतो. मग हिरड्याला टॅनिन का नाही? हिरडा वेचणाऱ्याला भाव मिळतो तो वजनावर आणि व्यापाऱ्याच्या नजरेवर. नीट वाळवलेला, निवडलेला माल आणणाऱ्याला आणि कसाबसा भरून आणणाऱ्याला दरात फारसा फरक दिसत नसेल, तर नीट वाळवायचे कष्ट कुणी का घ्यावेत?

त्यात आपल्या दोन जिल्ह्यांची एक वेगळी अडचण आहे. सातारा आणि सांगलीत अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे आदिवासी भागासाठीच्या वनोपज खरेदीच्या यंत्रणांचा आधार इथल्या डोंगरी गावांना तसा मिळत नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर हिरड्याच्या नुकसानभरपाईसाठी मोठा लढा दिला. तिथे निदान हिरडा हा उपजीविकेचा प्रश्न आहे हे सरकारदरबारी ऐकलं गेलं. पाटण-शिराळ्यात हा विषय अजून चर्चेतही नाही.

दुसरी किंमत झाडं मोजतात. झाडं तोडण्याचं नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४च्या कायद्यात १६ झाडांची अनुसूची आहे. त्यात हिरडा आहे, ऐन आहे, किंजळ आहे. बेहडा आणि अर्जुन नाहीत. म्हणजे पाच भावंडांतली तीन यादीत आणि दोन बाहेर. मालकीच्या जमिनीवरच्या उतारावर ऐन आणि अर्जुन शेजारी उभे असतील, तर ओळख हा आता केवळ वनस्पतिशास्त्राचा विषय राहत नाही, परवानगीचा विषय होतो. आणि एकदा साल काढून ओंडके रचले की त्यांची ओळख पटवणं किती अवघड आहे, हे वर पाहिलंच.

बेहडा यादीत घालावा, हा सोपा उपाय वाटतो. मला तो पुरेसा वाटत नाही. नुसती बंदी आली की शेतकरी झाडाकडे अडचण म्हणून पाहतो आणि रोप मोठं व्हायच्या आधीच काढून टाकतो. झाड उभं राहण्याचं उत्पन्न झाड पाडण्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालं, तरच ते टिकतं. हे शक्य आहे याचं उदाहरण फार लांब नाही. भीमाशंकर आणि कोकणच्या भागात पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन'ने बेहडा आणि हिरड्याच्या फळांसाठी 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्राची व्यवस्था उभी केली. झाड न तोडता, ठरलेल्या पद्धतीने फळं गोळा करायची आणि त्याला बरा भाव मिळवायचा. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, त्यालाही घर राहिलं.

काय करायला हवं?

पहिलं, आपल्या भागाची स्वतःची नमुना-बँक. महाबळेश्वर ते जत या पट्ट्यातल्या या पाच झाडांची प्रत्येक हंगामातली पानं, फळं, सालीचे फोटो आणि सोबत त्यांचे रासायनिक ठसे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे यासाठी लागणारं ज्ञान आहे. हा संग्रह सर्वांसाठी खुला असेल तर अ‍ॅपही सुधारतील. त्यांना आज एका झाडाची पन्नास पानं दाखवणारं कुणी नाही.

दुसरं, तपासणी गावाजवळ आणा. प्रत्येक पोत्याची महागडी चाचणी करा असं मी म्हणत नाही. गावाच्या संपूर्ण खेपेचा एक मिश्र नमुना पुरेसा आहे. दूध संघाने गावोगावी फॅट मोजायची यंत्रं नेली, तेव्हाही खर्चाचाच आक्षेप असणार. आज त्या यंत्राशिवाय डेअरीची कल्पना करवत नाही.

तिसरं, पाकिटावर झाडाचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि माल कुठल्या भागातला हे ग्राहकाला वाचता येईल अशा अक्षरात असावं. 'त्रिफळा' या शब्दामागे हिरडा, बेहडा आणि आवळा ही तीन फळं आहेत. त्यांचं प्रमाण जाणून घेण्याचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे.

चौथं आपल्यासाठी. झाड ओळखायचं असेल तर एका पानाचा फोटो काढू नका. पानाची दोन्ही अंगं, देठाजवळच्या ग्रंथी, साल, जमिनीवर पडलेलं फळ आणि पूर्ण झाड, असे पाच फोटो काढा. मी पुढच्या खेपेला तसे काढले, तेव्हा अ‍ॅपचं उत्तर एकच आलं: ऐन. आजोबांनी ते सालीवरून दोन सेकंदांत सांगितलं होतं. त्यांची ती नजर उद्याच्या नमुना-बँकेत नोंदवून घ्यायची असेल, तर ते काम आताच सुरू करायला हवं.